गॅप म्हणजे बेइमानी

चंद्रपूरला मी ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते, त्या घरमालकांच्या हॉलमध्ये पाहुण्यानं बसावं अशी एकही जागा नव्हती. फर्निचर नव्हतं असं नाही. फर्निचरच फर्निचर होतं, तेही अस्सल सागवानी. भिंतभर शोकेस, दोन माणसं ऐसपैस झोपतील असा दिवाण, रुंद हातांचा सोफा, मध्ये टीपॉय. पण दिवाणावर बसलं की खालून घूंऽऽ असा आवाज सुरू व्हायचा. सोफ्याच्या हाताला कोपर लागलं की तो आवाज चढायचा. आणि टीपॉयवर कोणी चहाचा कप ठेवलाच तर घरमालक आतून ओरडत यायचे, "कप नाई! कप नाई! तिथी फिल्टर आहे!"

एकदा एक विमा एजंट आला होता. बिचारा नवीन होता. त्यानं सवयीनं सोफ्याच्या हातावर हात टेकला आणि बोटांनी ताल धरला. शोकेसमधून असा काही भोंगा वाजला की समोरच्या घरातली म्हातारी खाणीत काही झालं का म्हणून बाहेर आली. एजंट परत कधी त्या गल्लीत दिसला नाही. घरमालकांना वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की वाजलेला आवाज नेमका कोणत्या खुंटीनं वाजला हे बघायचं राहून गेलं.

तर हे सगळं फर्निचर म्हणजे एकच वाद्य होतं असं त्यांचं म्हणणं. मॉड्युलर सिंथेसायझर. हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला आणि पुढं तो ऐकायचाही मला वीट आला. लग्नात वाजवतात तो कीबोर्ड वेगळा. ह्यात पट्ट्या नसतातच. पत्र्याची तोंडं असलेले लहान लहान डबे असतात, प्रत्येकाला खुंट्या आणि भोकं. एक डबा आवाज काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा त्याला हेलकावे देतो, आणि आपण ह्या डब्यातून त्या डब्यात वायरी खुपसत बसायचं. वायर बदलली की आवाज बदलतो. जगात लोक हे डबे एका पेटीत बसवतात आणि पेटी टेबलावर ठेवतात. आमच्या घरमालकांना वेगळी पेटी मान्य नव्हती. "मशीन घरात दिसलं नाई पायजे," ते म्हणायचे, "फर्निचर दिसलं पायजे." म्हणून त्यांनी घरातल्या फर्निचरचीच पेटी केली, आणि मग येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून, न दिसणारं मशीन कुठं कुठं आहे ते सविस्तर दाखवलं.

सगळी वस्ती त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून मीही भाऊच म्हणत असे. शरीर किरकोळ, बाह्या दुमडलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट (अर्ध्या बाह्या आणखी दुमडायचं कारण मला शेवटपर्यंत कळलं नाही), आणि छातीच्या खिशात पेनाच्या जागी स्टीलचा मोजायचा टेप. हा टेप म्हणजे त्यांचं सहावं बोटच होतं. मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला नाव, गाव, नोकरी काही विचारलं नाही. "सामान काय काय आहे?" एवढंच विचारलं, आणि मी कपाट, टेबल म्हणाले तर म्हणाले, "माप सांगा." मला माझ्या टेबलाचं माप माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मला माझ्या बापाचं नावच सांगता आलं नाही.

त्यांच्या बायकोनं, बाईंनी, मागून हळूच सांगितलं, "मॅडम, तुमी आणा सामान. बसते सगळं."

मी एका खाजगी कॉलेजात ग्रंथपाल होते. दिवसभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसायचं, पोरापोरींना गप्प करायचं, आणि संध्याकाळी घरी आलं की पायाखालची फरशी गुणगुणतेय. टेबलावरच्या तांब्यातलं पाणी थरथरायचं. मी खाली जाऊन तक्रार केली की भाऊ खूश व्हायचे. "वरपर्यंत आलं? म्हणजे लाकडानं पकडलं." त्यांची अशी ठाम समजूत होती की आवाज स्पीकरमधून येतो, पण राहतो लाकडात. दिवाण जितका जुना तितका आवाज मुरलेला. मी विचारलं, मग लोणच्याची बरणी का नाही जोडत? ते गंभीरपणे म्हणाले, "चिनीमातीत टिकत नाई."

भाऊंची सगळी नोकरी वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेली होती. भिंतभर पॅनेल, त्यावर काटे, दिवे, खुंट्या, आणि अखंड घूं. काटा लाल रेषेकडं सरकला की खुंटी फिरवायची. आयुष्यभर माणसानं जे केलं त्याचा रिटायर झाल्यावर कंटाळा यावा की नाही? यांनी तीच कंट्रोल रूम घरात उभी केली. फरक इतकाच की तिथं निदान वीज तयार व्हायची.

कारण ह्या मशीनमधून संगीत म्हणतात असं काही मी कधी ऐकलं नाही. समोरच्या घरी लग्न होतं तेव्हा मुलीचा मामा मोठ्या आशेनं आला. म्हणाला, "भाऊ, तुमच्या मशीनवर एखादं चांगलं गाणं वाजवून द्या ना हळदीले." भाऊंचा चेहरा पडला. "गाणं कोनीही वाजवते," ते म्हणाले. "गाणं मोबाईलवर लावा." मग त्याला बसवून त्यांनी आपला सगळ्यात आवडता आवाज ऐकवला. त्याचं नाव 'सूरजागड'. सूरजागडच्या खाणीतला लोहखनिजानं भरलेला ट्रक डोंगरातून उतरताना जसा गुरगुरतो, तसा आवाज होता. मामा पाहुण्यांच्या घाईत होता, तरी त्यानं तो पूर्ण ऐकला, कारण भाऊंनी दार लावून घेतलं होतं. शेवटी तो म्हणाला, "ट्रक तं आमच्या रस्त्यानं असाही जाते, भाऊ." हा माणूस मला फार आवडला.

आता त्यांच्या सुतारकामाबद्दल. सुतार त्यांनी कधी घरात येऊ दिला नाही. सुतार, त्यांच्या मते, मुळातच बेइमान जात. का, तर सुतार गॅप सोडतो. दार आणि चौकटीत गॅप, खण आणि कपाटात गॅप. "गॅप म्हणजे बेइमानी," हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं. "ज्याले माप येत नाई तो गॅप सोडते." ते स्वतः लाकडाच्या डेपोतून सागवानाच्या फळ्या आणायचे, मे महिन्यात गच्चीवर टाकायचे, आणि चंद्रपूरच्या त्या उन्हात, ज्यात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, डोक्याला ओला दुपट्टा बांधून रंधा मारत बसायचे. फळी कापली की आत सरकवून बघायचे. सरकताना 'सुस्स' असा हवा बाहेर पडल्याचा आवाज आला पाहिजे. आला की मला वरून खाली बोलावून दाखवायचे. "कागद जाते का पहा." मी कागद घालून बघायची. जात नसे. मी कौतुकाचं काही बोलावं म्हणून ते थांबायचे. मी कागद त्यांच्या हातात देऊन वर जायची.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे की काम देखणं होतं. पण देखण्या कामाचं करायचं काय? बाईंचे कपबशीचे सेट शोकेसमधून निघून पलंगाखालच्या खोक्यात गेले होते. दिवाणाच्या पोटात पूर्वी रजया असायच्या, तिथं आता वायरी होत्या, आणि रजया माझ्या खोलीतल्या माळ्यावर. गडचिरोलीहून त्यांची लेक माहेरी आली की माझ्या खोलीत झोपायची. शोकेसच्या सगळ्यात वरच्या फळीवर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो होता, तेवढ्या फळीला हात लावायची भाऊंची हिंमत झाली नव्हती. पण तिच्या खालपर्यंत मशीन पोचलं होतं.

आणि बाई ते पुसायच्या. चंद्रपुरात कोळशाची काळी, म्हणजे बारीक धूळ, रोज बसते. सकाळी गच्चीवर वाळत घातलेला पांढरा कपडा संध्याकाळी तसा राहत नाही. बाई जुना टूथब्रश घेऊन त्या डब्यांच्या एकेका भोकातली काळी काढायच्या, खुंट्या ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि तोंडानं चालू असायचं, "घर आहे का पावरहाऊस आहे? मानसं बसवाले जागा नाई. काय करून राह्यले माहीत नाई." मला त्यांचा राग यायचा. मी म्हणायची, "मग पुसता कशाला? बसू द्या काळी. आपोआप बंद पडेल." त्या हसायच्या आणि पुढचं भोक साफ करायच्या.

बाईंना ह्या जगात एकच गोष्ट हवी होती आणि ती काही फार मोठी नव्हती. बौद्ध घरांत आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावास पाळतात. त्या दिवसांत वस्तीतल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून संध्याकाळी जमतात आणि बाबासाहेबांनी लिहिलेल्या धम्मग्रंथाचं वाचन करतात. कुठं विहारात करतात, आमच्या वस्तीत घरोघरी पाळीनं व्हायचं. मी आरमोरीची, धानाच्या शेतीवाल्या घरातली, आमच्याकडं हे नव्हतं. मला बाईंनीच समजावून सांगितलं. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, शेवटी वंदना आणि खिरीची वाटी. ज्या घरी वाचन, त्या घरच्या बाईनं वाचायचं. बाईंच्या वडलांचा स्वतःचा ग्रंथ बाईंकडं होता, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला. त्यांनीच बाईंना त्यावरून वाचायला शिकवलं होतं. तो ग्रंथ आपल्या हॉलमध्ये उघडून, बायांसमोर बसून वाचावा, एवढीच त्यांची इच्छा. आणि दर वर्षी त्यांच्या घराची पाळी आली की वस्तीतली कोणीतरी म्हणायची, "बाई, तुमच्या इथी बसाचं कुठी?" आणि पाळी पुढच्या घरी जायची. त्या दिवशी बाईंच्या भाजीत मीठ हटकून जास्त पडायचं.

एका मार्चमध्ये बाईंनी जेवताना जाहीर केलं, "यंदा वाचन आपल्या घरी. मी सांगून टाकलं सगळ्याईले." मी समोरच बसले होते. वाटलं, आता मशीन जाणार. भाऊंनी घास गिळला आणि त्यांचे डोळे चमकले. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"ग्रंथासाठी खास कप्पा करतो," ते म्हणाले.

"कप्पा नोको. जागा करा."

"जागाही करतो. कप्पाही करतो."

दिवाण त्यांनी खरंच भिंतीला उभा केला. आणि मे महिनाभर शोकेसच्या मधोमध, बुद्धमूर्तीच्या बरोबर खाली, एक कप्पा केला. त्याचं दार म्हणजे एक अखंड रुंद फळी, रेषा दिसणार नाही अशी बसवलेली. मूठ नाही, कडी नाही. डाव्या कोपऱ्यात बोटानं दाबलं की 'सुस्स' करून उघडायची. आत वरच्या बाजूला ग्रंथ, आणि खालच्या बाजूला मशीनची बॅटरी आणि तिचं बटण. बॅटरी कशाला, तर आमच्या गावात वीज तयारही होते आणि जातेही. मध्येच लाईट गेली तर भाऊंचा 'सूरजागड' अर्ध्या घाटात थांबायचा, ते त्यांना सहन होत नसे. एकदा सुरू झालेलं मशीन भिंतीवरचं बटण बंद झालं की आपोआप बॅटरीवर जायचं, मग ते थांबायचं फक्त कप्प्यातल्या बटणानं. बाईंनी ग्रंथ स्वतः आत ठेवला, नमस्कार केला. मला कागद घालून बघायला लावलं गेलं. गेला नाही.

बाई म्हणाल्या होत्या, "अवो, पान्यात दार फुगते. थोडं सैल ठेवा."

"ते सुताराचं दार फुगते," भाऊ म्हणाले.

चंद्रपुरात मे महिन्यात लाकूडच काय, माणूससुद्धा आक्रसून निम्मा होतो. त्या दिवसांत घेतलेलं माप हे लाकडाचं माप नसतंच. हे इथल्या कोणालाही माहीत आहे. पावसाळ्यात संडासाचं दार लागत नाही म्हणून गाणं म्हणत बसणारी माणसं आम्ही. मिलिमीटरच्या ह्या पुजाऱ्याला तेवढं कळू नये?

वाचनाचा दिवस आला. श्रावणाची झड लागलेली, आणि हॉलच्या आवराआवरीत चार दिवस मशीन बंदच होतं. बाईंनी हॉल धुतला, सतरंज्या टाकल्या, खीर केली, मोगऱ्याची फुलं आणली. मीही मदतीला होते. संध्याकाळी बाया आल्या, पांढऱ्या साड्या, छत्र्या दाराशी गळतायत, आणि हॉल भरला. खरंच भरला. बाईंचा चेहरा त्या दिवशी मी पहिल्यांदा असा पाहिला, कपाळावरची आठी गेलेली. त्यांनी अगरबत्ती, मेणबत्ती लावली, वंदना झाली. आणि तेवढ्यात भाऊंना वाटलं, वाचनामागं मंद आवाज असावा. तंबोऱ्यासारखा. त्यांनी कोणाला न विचारता भिंतीवरचं बटण दाबलं.

घूंऽऽ सुरू झालं.

बायांनी एकमेकींकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "बंद करा." भाऊ म्हणाले, "आयका तं." बाई पुन्हा म्हणाल्या, "बंद करा." भाऊंनी बटण बंद केलं. मशीन इमानदारीनं बॅटरीवर गेलं आणि घूं चालूच राहिलं. उलट बॅटरीवर ते थोडं जास्तच भरून वाजायचं.

बाई उठल्या, ग्रंथ काढायला शोकेसपाशी गेल्या आणि डाव्या कोपऱ्यात बोटानं दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. भाऊ आले, त्यांनी अंगठ्यानं दाबलं, मग तळव्यानं, मग खांद्यानं. फळी पाण्यानं फुगून चौकटीत अशी बसली होती की ते दार आहे हेच कळत नव्हतं. गॅप नव्हताच, त्यामुळं सुरी घालायला जागा नव्हती. वायरी उपटाव्यात तर डब्यांची तोंडं लाकडात त्याच इमानदारीनं बसवलेली, आणि बॅटरीची वायर फळीच्या आत. ग्रंथ आत, बटण आत, आणि बाहेर वीस-पंचवीस बाया घूं ऐकत बसलेल्या.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "फोडा न बाप्पा ते. कुऱ्हाड नाई का घरात?"

भाऊ फळीला पाठ लावून उभे राहिले. दोन्ही हात पसरून. "फोडाचं नाई," ते म्हणाले. "लाकूड बसते. दिवाळीले आपोआप उघडते."

मी बाईंकडं बघत होते. मला वाटलं, आता ही बाई कुऱ्हाड आणते. मला तर ती आणून हातात द्यावीशी वाटत होती. एवढ्या वर्षांचं मीठ त्या दिवशी तिच्या डोळ्यांत होतं. पण त्यांनी काही फोडलं नाही. खीर जिथं होती तिथून उचलली, पांढरा पदर खोचला आणि बायांना म्हणाल्या, "वर चला. मॅडमच्या खोलीत."

मला विचारलं नाही. मी पळत पुढं गेले, कॉटवरचे कपडे गोळा करून कपाटात कोंबले. बाया दाटीवाटीनं बसल्या, काही कॉटवर, काही जिन्यात. शेजारणीनं तिच्या घरून दुसरी प्रत आणली. बाईंनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि वाचायला सुरुवात केली. खालून फरशीतून घूं येत होतंच, तांब्यातलं पाणी थरथरत होतं. बाईंचा आवाज मी रोज ऐकायची, पण तो आवाज कुरकुरीचा. हा वेगळा होता. ठाम, सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवल्यासारखा. जिन्यातल्या शेवटच्या बाईलाही नीट ऐकू जात होतं. माझे डोळे भरून आले हे मी सरळ सांगते. आणि त्याच वेळी खाली फळीला पाठ लावून उभ्या असलेल्या माणसाचा मला असा संताप आला की पुढं कित्येक दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

बॅटरी दुसऱ्या दिवशी दुपारी संपली. कप्पा दिवाळीला उघडला नाही. थंडी पडल्यावर एका सकाळी 'टक' असा आवाज आला आणि फळी आपोआप बोटभर पुढं आली. भाऊ नाचायचेच बाकी होते. मला वरून बोलावलं. "पहा! बोललो होतो का नाई?" ह्या माणसानं आपली फजिती अशी जिंकून दाखवली. बाईंनी ग्रंथ बाहेर काढला, कापड बदललं, आणि वर येऊन माझ्या टेबलावर ठेवला. "इथीच राहू द्या, मॅडम," त्या म्हणाल्या.

मला फार बरं वाटलं. बाई माझ्या बाजूला आल्या असं वाटलं. त्या हिवाळ्यात त्या दुपारी वर यायच्या, तूर सोलायच्या, आणि मी त्यांना ऐकवायची. हे मशीन भंगारवाल्याला द्या. दिवाण रिकामा करून घ्या. घर तुमचंही आहे. ज्याला बायकोची एक संध्याकाळ सांभाळता येत नाही त्यानं मिलिमीटर कशाला सांगावेत? मी बोलत राहायची, बाई शेंगा सोलत राहायच्या. मधून मधून "खरं आहे" म्हणायच्या. मला वाटायचं, पटतंय.

मे महिन्यात, ऐन उन्हात, बाई वर आल्या. आज शेंगा नव्हत्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मॅडम, खोली पायजे होती."

मला आधी कळलंच नाही. "कोणती खोली?"

"हे. वरची. पुढच्या वर्षावासाले इथीच वाचन ठेवाचं म्हनते. बायाही म्हनते, वर हवा चांगली आहे."

माझ्या तोंडातून निघालंच. "म्हणजे मी जायचं? खालचं ते मशीन राहणार, आणि मी जायचं?"

"तुमाले दुसरी खोली भेटते, मॅडम," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्याले कोन ठेवून घेईन?"

ते 'त्याले' मशीनला होतं की भाऊंना, मी विचारलं नाही. मी म्हणाले, "बाई, त्यांनी तुमची पाळी घालवली. भर सभेत. तुम्ही विसरलात?"

"विसरली नाई." त्या कॉटच्या कडेला टेकल्या. "तुमी इथी याच्या पयले रिटायर झाले ना ते. तवा सा महिने बोललेच नाई. जेवा म्हनलं तं जेवाचं, झोपा म्हनलं तं झोपाचं. भिंतीकडं पाहत बसाचं. मी भेली होती. मंग ते पह्यला डब्बा आला कुरियरनं. तवापासून बोलाले लागले."

"पण बोलतात काय? मिलिमीटर!"

बाई हसल्या. "हो ना. तेच बोलते. पन बोलते."

मला अपमान वाटला, आजही वाटतो. इतके दिवस मी ह्या घरात एकच शहाणं माणूस आहे असं धरून चालले होते, आणि शहाण्या माणसाला सामान आवरायला सांगण्यात आलं होतं. दुसरी खोली मला आठवड्यात मिळाली, बाई म्हणाल्या तशीच. ती शांत होती.

सामान ऑटोत चढलं आणि राहिलेली पिशवी घ्यायला मी शेवटची वर गेले. रिकाम्या खोलीत भाऊ आधीच आले होते. मला निरोप द्यायला नाही. टेप काढून माझं टेबल जिथं होतं ती भिंत मोजत होते. डोक्याला ओला दुपट्टा होता. मला बघून म्हणाले, "इथी ग्रंथाचं कपाट बसवतो. भिंतीले भिंत. कागद नाई जाणार." मी उत्तर देणार होते आणि ते सभ्य नसतं झालं. तेवढ्यात बाई जिना चढून आल्या.

"टेप आणा इकडं," त्या म्हणाल्या.

भाऊंनी त्यांच्याकडं बघितलं. त्या माणसाच्या हातातला टेप दुसऱ्या कोणाच्या हातात मी कधी पाहिला नव्हता. लेक आली तरी तिला तो हाताळू देत नसत. बाईंनी हात पुढं केलेलाच होता. भाऊंनी तो दिला.

"दुसरं टोक धरा."

भाऊ वाकले, टेपचं टोक भिंतीच्या कोपऱ्याला लावून धरलं. बाई टेप ओढत समोरच्या भिंतीपर्यंत गेल्या. पण भिंतीला टेकवला नाही. अलीकडंच थांबल्या, आपलं बोट भिंतीला आडवं लावलं आणि बोटाच्या ह्या बाजूला पेन्सिलीची खूण केली.

"इथवर," त्या म्हणाल्या. "बोटभर सोडजा. पानी येते पुढं."

भाऊंनी टोक अजून घट्ट दाबून धरलं आणि विचारलं, "बोट तुमचं का माझं?"

"माझं," बाई म्हणाल्या. मी पिशवी उचलली आणि खाली आले.